चाळिशीनंतरचा दमसास

आमच्या कार्यालयाच्या जिन्याला बत्तीस पायऱ्या आहेत. अठरा वर्षे तो जिना चढूनही हा आकडा मला ठाऊक नव्हता. तो मला आमच्या आवक-जावक शाखेतील एका ज्येष्ठ लिपिकांनी सांगितला. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर उपचार झाले, जीव वाचला, आणि सुमारे दोन महिन्यांनी ते पुन्हा कामावर रुजू झाले. त्या दिवसापासून ते जिना मोजून चढू लागले. पहिल्या आठवड्यात अकराव्या पायरीवर थांबत, मग सोळाव्या, मग मधल्या वळणावर. आणि एके दिवशी न थांबता वर येऊन ते शांतपणे टपाल फोडू लागले. डॉक्टरांच्या परवानगीने ते रोज सकाळी चालत होते. पुढे त्या चालण्यात थोडे धावणे मिसळू लागले. झटक्यानंतर सुमारे दीड वर्षाने पणजीत मिरामारच्या रस्त्यावर झालेल्या एका सार्वजनिक दौडीत त्यांनी पाच किलोमीटरचे अंतर पुरे केले. त्यानंतरच्या सोमवारी मी त्यांच्या मागोमाग जिना चढत होतो. विसाव्या पायरीवर मला धाप लागली. ते वळून म्हणाले, "साहेब, झटका येण्याची वाट कशाला पाहता?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. प्रसिद्धी अधिकारी या नात्याने क्रीडास्पर्धांची शेकडो वृत्ते मी लिहिली आहेत. पण ती सारी मैदानाच्या दोरीच्या अलीकडे उभे राहून. दोरीच्या पलीकडे मुले धावत असतात आणि अलीकडे मुख्याध्यापक, सरपंच, पालक व आम्ही अधिकारी टाळ्या वाजवीत असतो. ही दोरी कोणी बांधली, असा प्रश्न आपणांस सहसा पडत नाही. खेळ व व्यायाम ही तरुणांची गोष्ट, चाळिशी उलटली की देह उतरणीला लागतो, पन्नाशीनंतर तो जपावयाचा आणि साठीनंतर त्याच्याकडून काही अपेक्षा करावयाची नाही, असा आपल्या समाजाचा अलिखित नियम आहे. बेळगाव-कोल्हापूरकडील तालमींची परंपरा मोठी. पण तेथेही तिशी ओलांडलेला मल्ल लाल माती सोडतो, खुराक मात्र सोडीत नाही, आणि त्याचे परिणाम पुढे दिसतात.

हा नियम शरीरशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकतो, आणि ज्यांनी आयुष्यात कधी शर्यत धावली नाही अशा माणसांनी उतारवयात दमसासाच्या खेळांना, म्हणजे दूरचे चालणे, धावणे, सायकल चालविणे, पोहणे यांना, हात घातला तर काय घडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

वयाचा दोष किती, बैठकीचा किती

जिन्याचा विषय निघालाच आहे, तर लंडनच्या दुमजली बसगाड्यांपासून आरंभ करू. जेरी मॉरिस या वैद्यकीय संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह तेथील बसचालक व वाहक यांच्या प्रकृतीची तुलना केली आणि निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध केले. दोघेही एकाच वर्गातील, एकाच गाडीवर काम करणारे. फरक इतकाच की चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढे-उतरे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत स्पष्टपणे कमी आढळले, आणि जेथे तो झाला तेथेही तो सहसा उशिरा व सौम्य स्वरूपात आला. यावर आक्षेप निघाले. पण पुढील सत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांतील संशोधनाने मूळ मुद्दा पक्काच केला.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील डॅलस शहरातला आहे आणि तो मला अधिक बोलका वाटतो. १९६६ साली वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास सांगण्यात आले. शरीर जास्तीत जास्त श्रम करीत असताना दर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते, यावरून माणसाचा दमसास मोजतात. तीन आठवड्यांत या तरुणांची ही क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. नंतर व्यायाम देऊन ती पूर्ववत, किंबहुना पूर्वीपेक्षा वाढविण्यात आली, आणि मंडळी आपापल्या संसाराला लागली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा बोलाविण्यात आले. आता ते पन्नाशीचे होते. वजने वाढली होती, अंगावरील चरबीचे प्रमाण सरासरीने दुप्पट झाले होते. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या दमसासाचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान विसाव्या वर्षी तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते!

येथेच प्रयोग थांबला नाही. पाचही जणांना सहा महिने हळूहळू वाढत जाणारा व्यायाम देण्यात आला. चालणे, संथ धावणे आणि सायकल. शेवटी शेवटी आठवड्याला सुमारे साडेचार तास. सहा महिन्यांअखेर त्यांचा दमसास विसाव्या वर्षी, अंथरुणावर पडण्यापूर्वी, जेवढा होता तेथपर्यंत परत आला. विसाव्या वर्षी व्यायामाने गाठलेली उंची मात्र त्यांना पुन्हा गाठता आली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पाच माणसांवरून साऱ्या मानवजातीचा निवाडा करता येत नाही, हे खरे. परंतु ज्याला आपण 'वय झाले' म्हणतो त्यातील बराच भाग 'बसून राहिलो' या सदराखाली टाकावयास हवा, एवढे यावरून दिसते.

देहात नेमके काय बदलते

दमसास ही एक साखळी आहे. फुप्फुसे हवेतील प्राणवायू घेतात, रक्त तो वाहून नेते, हृदय ते रक्त ढकलते आणि स्नायू तो वापरतात. वाढत्या वयाबरोबर या साखळीचा एक दुवा निश्चितपणे कमी पडतो. हृदयाच्या ठोक्यांचा कमाल वेग दरवर्षी थोडा थोडा उतरतो आणि कोणत्याही व्यायामाने तो परत मिळत नाही. डॅलसच्या पन्नाशीच्या माणसांनाही तो मिळाला नाही. मग त्यांची क्षमता कशी वाढली? ती वाढली मुख्यत्वे साखळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे स्नायूंत. नियमित श्रमाने स्नायूंभोवती केसासारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका संख्येने व आकाराने वाढतात. आणि त्याच रक्तातून स्नायू अधिक प्राणवायू शोषून घेऊ लागतात. पंप जुना असला तरी पाट नीट बांधून काढले तर बागायतीला पाणी पुरते, तसाच हा प्रकार.

स्नायूंतही दोन प्रकारचे तंतू असतात. झटकन आकसणारे तंतू जोराच्या व वेगाच्या कामाचे. वयानुसार तेच अधिक झिजतात. सावकाश आकसणारे तंतू दीर्घकाळच्या कामाचे. ते बरेच टिकून राहतात. शंभर मीटरच्या शर्यतीत साठीचा माणूस तरुणापुढे निष्प्रभ ठरतो, पण दूरच्या पल्ल्यावर तितका मागे पडत नाही, याचे हे एक कारण आहे. सामान्यतः तिशीनंतर दर दहा वर्षांत दमसास सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. सातत्याने व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच मंद असते.

आणि जोराच्या तंतूंचेही सर्व काही संपलेले नसते. १९९० साली बोस्टन येथील एका शुश्रूषागृहातील दहा वृद्धांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. त्यांचे सरासरी वय नव्वद वर्षे; बहुतेकांना अनेक व्याधी. आठ आठवड्यांचा हा कार्यक्रम नऊ जणांनी पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली आणि दोघांनी चालताना काठी घेणे सोडले. फ्रान्समधील रॉबेर मार्शां हे सायकलपटू तर १०१ व्या वर्षानंतर दोन वर्षे नेमून दिलेला सराव करीत राहिले, आणि संशोधकांना त्यांचा दमसास तेरा टक्क्यांनी वाढलेला आढळला. एका तासात त्यांनी २०१२ साली २४ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापले होते; २०१४ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, जवळजवळ २७. अशी माणसे अपवाद असतात, हे उघड आहे. पण शंभरी ओलांडलेला देहही सरावाला प्रतिसाद देतो, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

तीन माणसे

जालंधरजवळच्या ब्यास या खेड्यातील शेतकरी फौजा सिंग यांचे नाव बहुतेकांच्या कानावरून गेले असेल. लहानपणी पायांतील अशक्तपणामुळे ते पाच वर्षांचे होईपर्यंत चालू शकत नव्हते, असे सांगतात. आयुष्य शेतीत गेले. १९९० नंतरच्या दशकात पत्नी व तरुण मुलगा यांचा वियोग पाहून ते लंडनजवळ दुसऱ्या मुलाकडे राहावयास गेले. परका देश, परकी भाषा आणि मनावर दुःखाचा भार. या अवस्थेत त्यांनी धावणे धरले. २००० साली लंडनची मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची शर्यत, त्यांनी ६ तास ५४ मिनिटांत पुरी केली तेव्हा त्यांचे वय ८९ सांगितले जाते. २००३ साली टोरांटो येथे त्यांनी हेच अंतर ५ तास ४० मिनिटांत धावून दाखविले. २०११ साली त्याच शहरात शंभराव्या वर्षी ते आठ तासांहून थोड्या अधिक वेळात शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचले. जन्माचा दाखला नसल्याने गिनेस विक्रमग्रंथाने हा विक्रम नोंदविला नाही. १९११ च्या पंजाबातील खेड्यात जन्माची नोंद कोण ठेवीत होते? आपल्याकडील वृद्ध निवेतनधारकांच्या अर्जांवर जन्मतारखेचा रकाना पाहणाऱ्या कोणाही अधिकाऱ्याला यात नवल वाटणार नाही. २०१३ साली हाँगकाँग येथे त्यांनी शेवटची स्पर्धा धावली. जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाजवळ रस्ता ओलांडताना वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला.

ऑस्ट्रेलियातील क्लिफ यंग यांची गोष्ट हल्ली भ्रमणध्वनीवरील संदेशांतून वारंवार फिरते. १९८३ साली सिडनी ते मेलबर्न ही ८७५ किलोमीटरची शर्यत या एकसष्ट वर्षांच्या बटाटे पिकविणाऱ्या शेतकऱ्याने ५ दिवस १५ तासांत जिंकली, हे खरे आहे. मिळालेली १०,००० डॉलरची रक्कम त्यांनी इतर धावपटूंना वाटून टाकली, हेही खरे. पण संदेशात एक भर घातलेली असते, की हा माणूस कोणत्याही तयारीशिवाय, थेट शेतातून उठून शर्यतीला उभा राहिला. ते तसे नाही. तरुणपणी मेंढ्यांमागे पायी हिंडण्याची सवय त्यांना होतीच. शिवाय पन्नाशीनंतर ते पद्धतशीर धावू लागले होते, मॅरेथॉन धावले होते, एका हजार मैलांच्या प्रयत्नात अपयशीही झाले होते, आणि या शर्यतीसाठी त्यांनी महिनोन् महिने सराव केला होता. मला स्वतःला ही खरी गोष्ट संदेशातील गोष्टीपेक्षा अधिक उपयोगाची वाटते. चमत्काराचे अनुकरण करता येत नाही. सरावाचे करता येते. त्यांची धावण्याची रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाय फारसा न उचलता, घसटत, लहान पावलांनी ते जात. इतरांपेक्षा कमी झोपत आणि थांबत कमी.

तिसरे नाव बारामतीच्या लता भगवान करे यांचे. पतीच्या उपचारांसाठी पैसा हवा, म्हणून साठीच्या उंबरठ्यावरील ही कष्टकरी स्त्री नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी, बारामतीच्या शर्यतीत धावली आणि आपल्या वयोगटात पहिली आली. पुढे त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. या कथेचे कौतुक होते ते योग्यच. तथापि ही हौसेची कथा नव्हे, नडीची आहे, हे विसरता कामा नये. शेतात व मजुरीवर राबून कमावलेला दमसास त्यांच्या अंगी होता. तो मोजण्याचा प्रसंग मात्र आयुष्यात प्रथमच आला, आणि तोही औषधपाण्याला पैसे नाहीत म्हणून. आपल्या गावांतील किती स्त्रियांच्या अंगी असा दमसास न मोजताच राहून जात असेल!

'आम्ही तर दिवसभर राबतो'

खेड्यातील वाचक येथे विचारतील, की आम्हांला हा उपदेश कशाला? प्रश्न रास्त आहे. माडावर चढणारा पाडेली, डोंगरउतारावर काजू वेचणारी बाई, कुळागरात पाणी फिरविणारा शेतकरी यांना सकाळी उठून धावावयास सांगणे म्हणजे चेष्टा होईल. रोज अंगमेहनत करणाऱ्यास व्यायामापेक्षा विश्रांती व सकस अन्न यांचीच गरज अधिक असते.

परंतु गावचे चित्र बदलले आहे. पूर्वी शेतावर पायी जात; आता दुचाकी बांधापर्यंत जाते. नांगराची जागा यंत्राने घेतली आहे. कामाचे दिवस पेरणी-कापणीपुरते आणि उरलेले महिने बैठकीचे, असेही अनेक ठिकाणी झाले आहे. जेवण मात्र जुन्याच कष्टांच्या मापाचे राहिले. मधुमेह व रक्तदाब हे शहरी रोग समजले जात. आज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत उभे राहून पाहिले तर तो समज टिकत नाही. शिवाय वाकून करावयाच्या कामाने कंबर झिजते, पण हृदयाला सलग अर्धा तास श्रम मिळतातच असे नाही.

दूर चालण्याची परंपरा तर आपल्या रक्तातच आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट वारकरी जवळजवळ तीन आठवड्यांत पायी चालतात. बेळगावकडून व गोव्यातूनही दिंड्या जातात. त्यांत साठी-सत्तरीची माणसे असतात आणि त्यांचे वय कोणी विचारीत नाही. मात्र वर्षभर घरी बसून ऐन वेळी वारीला निघालेल्यांचे पाय तिसऱ्या दिवशी फोडांनी भरतात, हे कोणताही जुना वारकरी सांगेल.

शिक्षकवर्गासाठी आणखी एक उदाहरण. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आधी काही वर्षे सँडो या युरोपीय व्यायामपटूच्या पद्धतीने मेहनत केली आणि चाळिशीच्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढे त्यांनी त्यांचा इतका प्रसार केला की संस्थानातील शाळांत नमस्कार घातले जाऊ लागले आणि त्यांवरील त्यांचे पुस्तक इंग्रजीतही निघाले. शाळांत मुलांकडून नमस्कार घालून घेताना बाजूला शिट्टी घेऊन उभे राहणाऱ्या गुरुजनांनी, हे सारे चाळिशीच्या माणसाने आधी स्वतः करून मग सांगितले, एवढे ध्यानात घ्यावे.

घाई हाच शत्रू

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. लिपिक महाशयांच्या त्या प्रश्नानंतर मी नवे बूट घेतले आणि पहाटे धावू लागलो. पहिले दोन आठवडे जड गेले. तिसऱ्या आठवड्यात श्वास सुधारला, हुरूप आला आणि मी रोज चार किलोमीटर डांबरी रस्त्यावर धावू लागलो. सहाव्या आठवड्यात सकाळी अंथरुणातून उतरताना टाचेत सुई टोचल्यासारखी कळ आली. पुढे तीन महिने धावणे बंद.

अस्थिरोगतज्ज्ञांनी कारण समजावून दिले, आणि उशिरा आरंभ करणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकावे असे आहे. नव्या व्यायामाला शरीराचे सर्व भाग एकाच गतीने प्रतिसाद देत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण दोन आठवड्यांत वाढते, श्वास महिन्याभरात सुधारतो, स्नायू दोन-तीन महिन्यांत बळकट होतात; पण स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा, तळपायाचा पट्टा आणि हाडे यांना अनेक महिने लागतात, कारण कंडरांना रक्तपुरवठा थोडा असतो. म्हणजे ज्या सुमारास दम वाढल्याने माणसाला आणखी धावावेसे वाटते, त्याच सुमारास त्याचे पाय त्यासाठी तयार नसतात. तरुणपणी ही तफावत खपून जाते. पंचेचाळिशीत खपत नाही.

म्हणून आरंभ चालण्याने करावा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, असे दीडशे मिनिटांचे भरभर चालणे एवढे झाले तरी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी २०२० साली सांगितलेली किमान मर्यादा गाठली जाते. भरभर म्हणजे किती? चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये. ही खूण घड्याळापेक्षा चांगली. दोन-तीन महिने असे चालणे अंगवळणी पडल्यावर एक मिनिट संथ धावावे, दोन मिनिटे चालावे, आणि असे आठ-दहा वेळा करावे. मग धावण्याचा वाटा वाढवीत न्यावा, तोही आठवड्याआड. सलग दोन दिवस धावू नये. शक्य तेथे मातीची वाट धरावी. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, नमस्कार, पायऱ्या, पाण्याने भरलेली कळशी उचलणे अशी जोराची मेहनत करावी, कारण केवळ चालण्याने स्नायूंची झीज पुरती थांबत नाही. पासष्टी उलटलेल्यांनी तोल सांभाळण्याचाही सराव ठेवावा. खुर्चीला धरून एका पायावर उभे राहणे, एवढ्यानेही सुरुवात होते.

ज्यांना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे किंवा घराण्यात तो आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे. हृदयाचे ठोके मंद ठेवणारी काही औषधे असतात. ती घेणाऱ्याने नाडीच्या आकड्यावर विसंबून श्रम ठरवू नयेत. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने खिशात साखर वा गूळ ठेवावा. श्रम करताना छातीत दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप अथवा भोवळ जाणवल्यास तेथेच थांबावे आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. 'घरी जाऊन बघू' या तीन शब्दांनी पुष्कळ संसार उघडे पडले आहेत.

किनारपट्टीवरील वाचकांसाठी हवेचाही विचार हवा. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळे इंदूर वा हैदराबादच्या कोरड्या हवेत सहज जमणारा वेग पणजी-मडगावात मे महिन्यात घातक ठरू शकतो. सूर्योदयापूर्वी बाहेर पडावे, आणि उन्हाळ्याच्या आरंभी अंगाला हवा मानवेपर्यंत दहा-पंधरा दिवस वेग कमी ठेवावा. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. पाच-सहा तास चालणाऱ्या पल्ल्यावर भीतीपोटी नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायकपणे उतरते आणि शुद्धही हरपू शकते. हा धोका वेगाने धावणाऱ्यांपेक्षा सावकाश जाणाऱ्यांना, म्हणजे आपल्यासारख्यांनाच, अधिक. मीठ घातलेली पेज हे आपल्या आजोबांचे पेय या बाबतीत बाटलीबंद पेयांना हार जाणारे नाही. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र मिठाविषयी डॉक्टरांना विचारावे.

स्पर्धेत उतरावे काय?

उतरावे, पण पहिल्या वर्षी नव्हे. दूरच्या शर्यतींत आता वयोगट असतात. मैदानी खेळांच्या प्रौढ स्पर्धांत पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट आहेत, आणि अशी पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली टोरांटो येथे भरली होती. आपल्या पणजीतही ऑक्टोबर २०१९ मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशी तिहेरी स्पर्धा झाली, तीही वयोगटांनुसार. इतके मोठे ध्येय प्रत्येकाने ठेवण्याचे कारण नाही. पाच किलोमीटरच्या दौडीत चालत गेले तरी चालते, आणि शेवटी आलेल्यालाही लोक टाळ्या वाजवितात. हे मी दोरीच्या अलीकडून अनेकदा पाहिले आहे.

ताप, जुलाब किंवा घशाचा मोठा आजार असताना मात्र कोणतीही शर्यत धावू नये, नोंदणीचे पैसे बुडाले तरी बेहत्तर.

माझी टाच आता बरी आहे. मी आठवड्यातून तीन दिवस चालतो-धावतो आणि बत्तीस पायऱ्या न थांबता चढतो. लिपिक महाशयांनी दहा किलोमीटरच्या दौडीसाठी डॉक्टरांकडे परवानगी मागितली आहे. पट्ट्यावर चालवून हृदयाची चाचणी घेतल्यावर पाहू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. चाचणीची तारीख डिसेंबरातील आहे. तोपर्यंत ते पाचावरच थांबले आहेत.